नीळ की पिवडी? थंड आणि उबदार न्यूट्रल रंगांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांचे रंग ठरवून द्यायचं काम मी करते. दिवाळीच्या आधीचा दीड महिना माझा फोन भिंतींच्या फोटोंनी भरलेला असतो आणि फोटोखालचे प्रश्नही ठरलेले असतात. "हा पिवळट वाटतोय का हो?" "हा दिला तर घराचं हॉस्पिटल होईल का?" नेहमी येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय, म्हणजे तेच तेच वाचावं लागणार नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, फोटोवरून मी रंग सांगत नाही. मोबाइलचा कॅमेरा पांढऱ्याचा तोल आपला आपणच सावरून घेतो, त्यामुळे फोटोतली भिंत आणि तुमची भिंत यांचा फारसा संबंध राहत नाही.

१. न्यूट्रल रंग म्हणजे नक्की कोणते? ऑफ-व्हाइट, क्रीम, ग्रे सगळे त्यातच येतात का?

हो. पांढरा, हस्तिदंती, क्रीम, बेज, राखाडी आणि बेज-राखाडीच्या मधला ग्रेज. ज्या रंगाकडे पाहून आपण पटकन "हा निळा", "हा हिरवा" असं म्हणत नाही, ते सगळे. पण यातला एकही रंग अगदी कोरा नसतो. दुकानातलं टिंटिंग मशीन पांढऱ्या बेसमध्ये काळ्या, पिवळ्या ऑक्साइडच्या, लाल ऑक्साइडच्या रंगाचे थेंब सोडतं. त्यात जो वरचढ, त्याची झाक भिंतीवर उतरते. नुसता काळा मिसळला तर राखाडी निळसर होतो, त्यात पिवळा आणि लाल पडला की तोच राखाडी उबदार होतो.

आपल्या आजीला हे शेडकार्डाशिवाय कळत होतं. चुन्यात चिमूटभर नीळ टाकली की भिंत पांढरीशुभ्र आणि गार दिसायची, पिवडी म्हणजे पिवळी माती टाकली की मऊ, उन्हात बसल्यासारखी. थंड न्यूट्रल म्हणजे नीळ घातलेला आणि उबदार न्यूट्रल म्हणजे पिवडी किंवा काव (लाल माती) घातलेला. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

२. शेडकार्डावर तर सगळे ऑफ-व्हाइट सारखेच दिसतात. झाक ओळखायची कशी?

एकटा रंग पाहून ओळखता येत नाही, तो कशाच्या तरी शेजारी ठेवावा लागतो. झेरॉक्सचा कोरा कागद घ्या आणि शेडची पट्टी त्यावर ठेवा. दुकानात जो पांढरा वाटत होता तो कागदावर एकदम पिवळट, गुलाबी किंवा हिरवट दिसायला लागेल. (झेरॉक्सचा कागद स्वतः थोडा निळसर असतो, पण तुलनेला चालतो.) दुसरी युक्ती म्हणजे पट्टीच्या तळाचा सगळ्यात गडद रंग बघा. वरच्या फिक्या रंगात जी झाक दबलेली असते ती तळाशी उघडी पडते. तळाला मातकट तपकिरी असेल तर उबदार, पाटीसारखा निळा-करडा असेल तर थंड. सगळ्याच कार्डांवर एका पट्टीतले रंग एकाच कुळातले असतील असं नाही, म्हणून दोन्ही युक्त्या करा.

नावांवर जाऊ नका. शेडची नावं कवी मंडळी ठेवत असावीत. नावात चांदणं असलेला रंग चांगला लोण्यासारखा पिवळा निघालेला मी पाहिलाय.

आणि राखाडी म्हणजे थंड, बेज म्हणजे उबदार असंही धरून चालू नका. काही बेजमध्ये हिरवी झाक असते आणि ते भिंतीवर चांगलेच गार दिसतात.

३. उकाडा एवढा आहे. थंड रंग दिला तर घर थंड राहील का?

नाही. थंड आणि उबदार ही नावं डोळ्यांसाठी आहेत. आतल्या भिंतीच्या झाकेने पंखा एक नंबरनेही कमी होणार नाही. गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर ऊन परतवणारा पांढरा रंग दिला तर फरक पडतो, पण तो विषय सोसायटीच्या मीटिंगचा.

४. आमचा हॉल पश्चिमेला आणि बेडरूम उत्तरेला आहे. कुठे कोणता द्यायचा?

इंटरनेटवर एक सल्ला सगळीकडे सापडतो, "उत्तरेच्या खोलीला उबदार, दक्षिणेच्या खोलीला थंड." हा सल्ला थंड देशांतला आहे. लंडन ५१ अंश अक्षांशावर आहे आणि तिथे डिसेंबरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. उत्तरेच्या खोलीत अंधारच. ठाणे १९ अंशांवर आहे. आपल्याकडे डिसेंबरातला दुपारचा सूर्यही ४७ अंशांपर्यंत चढतो. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस तो दुपारी बरोबर डोक्यावर असतो आणि मधल्या काळात तर किंचित उत्तरेलाच. त्यामुळे तो सल्ला जसाच्या तसा इथे आणला की फसगत होते.

उत्तरेच्या खिडकीतून आकाशाचा उजेड येतो. तो थोडा निळसर असतो, पण दिवसभर एकसारखा राहतो. माझ्या मते रंगासाठी घरातली ही सगळ्यात प्रामाणिक खोली. इथे दोन्ही चालतात, फक्त आधीच निळी झाक असलेला करडा टाळा.

पश्चिमेचा प्रश्न खरा अवघड आहे. दुपारी तीनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन आडवं आत येतं आणि ते पिवळं-नारिंगी असतं. क्रीम भिंतीवर ते पडलं की खोली आमरसात बुडवल्यासारखी दिसते. वाशी-नेरूळला खाडीकडे तोंड असलेल्या घरांत तर मधे अडवायलाही काही नसतं. अशा हॉलला थंडाकडे झुकणारा पांढरा किंवा फिका ग्रेज द्या, संध्याकाळचं ऊन त्याला हवी तेवढी ऊब आपणहून देतं.

पूर्वेच्या खोलीत सकाळी सोनेरी उजेड आणि अकरानंतर सगळं सपाट. ती खोली तुम्ही कधी वापरता त्यावर ठरवा. दक्षिणेला थंडीत ऊन आत येतं आणि उन्हाळ्यात छज्जा ते अडवतो, तिथे फार डोकं लावू नका.

हे सगळं खिडकीसमोर मोकळं असेल तर. नसेल तर दिशेपेक्षा पुढचा प्रश्न महत्त्वाचा.

५. खिडकीबाहेर झाडं किंवा दुसरी इमारत असेल तर रंगावर परिणाम होतो का?

होतो, आणि लोक नेमका हाच मुद्दा विसरतात. खिडकीतून येणारा उजेड बाहेरच्या वस्तूंवर आपटून येतो आणि येताना त्यांचा रंग घेऊन येतो.

घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराकडे उघडणाऱ्या घरांत जुलैत भिंतीवर हिरवी छटा चढते. एप्रिलमध्ये तोच डोंगर पानं गाळून तपकिरी झालेला असतो आणि तीच भिंत वेगळी दिसते. हिरवी झाक असलेला ऑफ-व्हाइट अशा घरात पावसाळ्यात शेवाळासारखा होतो, तिथे किंचित गुलाबी झाकेचा उबदार पांढरा तोल सांभाळतो. बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्यांची रांग असेल तर हाच परिणाम छोट्या प्रमाणात होतो. समोर दहा फुटांवर विटकरी इमारत असेल तर तुमची भिंत फुकटात गुलाबी होते.

काचही तपासा. नव्या टॉवरांत हिरवी किंवा निळी टिंटेड काच असते. ती बंद असताना आणि उघडी असताना असा दोन्ही वेळा नमुना बघा.

आणि ताडपत्री. वर्तकनगरच्या एका घरात तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा फोन आला, "रंग बदलला हो, निळा झालाय." जाऊन पाहिलं तर गळती थांबवायला सोसायटीने वरून निळी ताडपत्री सोडली होती आणि ती अर्ध्या खिडकीवर लोंबत होती. सगळा हॉल पोहण्याच्या तलावासारखा दिसत होता. मी ताडपत्रीचं टोक काठीने बाजूला धरलं आणि रंग जागेवर आला.

६. ट्यूबलाइट लावली की रंग वेगळाच दिसतो. दोष रंगाचा की लाइटचा?

लाइटचा, आणि त्याहून जास्त क्रमाचा. आपण आधी रंग ठरवतो आणि मग दिवे. खरं तर उलटं करायला हवं.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बसारखा. ४००० मधला. ६५०० म्हणजे कूल डेलाइट, आपल्या घरांत सर्रास असतो तो पांढरा-निळसर. ६५०० च्या उजेडात थंड करडा रंग सिमेंटसारखा दिसतो आणि क्रीम हिरवट पडतो. ३००० च्या उजेडात क्रीम आणखी पिवळा होतो, पण करडा माणसात येतो.

आता विचार करा. सकाळी सव्वाआठची लोकल पकडून रात्री नऊला घरी पोचणाऱ्या माणसाला स्वतःच्या हॉलची भिंत सोमवार ते शुक्रवार दिव्याच्याच उजेडात दिसते. त्याच्यासाठी खिडकीची दिशा ही रविवारपुरती गोष्ट आहे. अशा घरात मी आधी विचारते, दिवे बदलणार का? बेडरूमला ३००० आणि किचनला ४००० हा साधा हिशेब बहुतेक ठिकाणी जमतो. एकाच खोलीत मात्र दोन जातींचे दिवे एका वेळी लावू नका. छतातले कोव्ह लाइट पिवळे आणि भिंतीवर ६५०० ची बॅटन (लांब एलईडी पट्टी) असली की एकच भिंत वर क्रीम आणि खाली करडी दिसते, आणि बिचारा पेंटर शिव्या खातो.

सासरे म्हणत असतील "पांढऱ्या लाइटशिवाय पेपर वाचता येत नाही", तर त्यांच्या खुर्चीपाशी वेगळा दिवा द्या. बहुतेक घरांत तडजोड इथेच होते.

७. बिल्डरने क्रीम रंगाची व्हिट्रिफाइड फरशी दिली आहे. त्यावर ग्रे भिंत चालेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर लोकांना आवडत नाही. निळसर ग्रे चालत नाही. पिवळट फरशीवर तो चालत नाही याचं कारण नवव्या प्रश्नात आहे.

माझा नियम एवढाच की जे बदलता येत नाही त्याच्याशी रंग जुळवायचा. पडदा बदलतो, सोफ्याचं कापड बदलतं, दिवा शंभर-दीडशे रुपयांत बदलतो. फरशी, ओट्याचा ग्रॅनाइट, दरवाजांचं सनमायका आणि वॉर्डरोब हे दहा-पंधरा वर्षं तुमच्या मानेवर बसलेले असतात. भिंतीने त्यांचं ऐकायचं.

क्रीम व्हिट्रिफाइडला उबदार पांढरा, फिका बेज किंवा पिवडीकडे झुकणारा ग्रेज. इथे एक बारकावा आहे. काही फरशा पिवळ्या क्रीम असतात, काही गुलाबी क्रीम. गुलाबी फरशीवर पिवळट भिंत दिली की दोन्ही मळक्या दिसतात, भिंतही गुलाबीकडेच झुकलेली हवी. फरशीवर कोरा कागद ठेवा, लगेच कळेल.

नवी मुंबईत जुन्या सिडकोच्या घरांत मोझॅक आहे. ते काढून टाकायची घाई करू नका. त्या खड्यांत करडा, काळा, बदामी, पांढरा सगळेच असतात, त्यातला एक खडा उचलल्यासारखा रंग भिंतीला घ्या, थंड घ्या किंवा उबदार, दोन्ही शोभतात. हिरवट-निळसर शहाबादी किंवा कोटा असेल तर थंड पांढरा छान बसतो, आणि त्यावर सागवानी लाकूड असेल तर फारच छान.

दरवाजे लालसर तपकिरी असतील तर त्यांनाही मत आहे हे लक्षात ठेवा. त्यांच्या शेजारी हिरव्या झाकेचा बेज दिला की दरवाजे आणखी लाल दिसतात.

८. घरी नमुना कसा लावायचा? पेंटर भिंतीवर एक पट्टा मारून दाखवतो, तेवढा पुरतो का?

पुरत नाही. जुन्या रंगाच्या मधोमध मारलेला हातभर पट्टा बघताना डोळा जुन्याशी तुलना करत राहतो. जुनी भिंत पिस्ता असेल तर कोणताही ऑफ-व्हाइट तिथे गुलाबी दिसणार.

मी दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घेते, त्याला प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात. कडेला दोन बोटं पांढरी जागा सोडते. मग तो तुकडा घरभर फिरवायचा. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, खिडकीच्याच भिंतीवर (तिथे तो बराच गडद दिसतो), फरशीला टेकवून, वॉर्डरोबला चिकटवून. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून. दोन रंगांत अडकला असाल तर दोन्ही तुकडे एकाच वेळी शेजारी ठेवू नका, एक-एक दिवस एकेकटा राहू द्या. शेजारी ठेवले की फरक वाढून दिसतो, आणि भिंतीवर तर एकटाच राहणार आहे ना?

आजच लावून आजच ठरवू नका. इमल्शन सुकल्यावर थोडं गडद होतं. चुन्याचं उलट, ओला असताना भिंत मळकी दिसते आणि सुकला की पांढरा उजळतो. त्यामुळे जुन्या पेंटरकाकांचा अंदाज कधीकधी चुकतो.

९. ग्रे सांगितला होता, भिंत जांभळी दिसतेय. दुकानदाराने चुकीचा रंग दिला का?

बहुधा नाही. माझ्याच घरी झालंय हे, आणि तेव्हा मी या कामात नवीन नव्हते.

बेडरूमला मी सुंदर, फिका, धुक्यासारखा ग्रे दिला. पेंटर गेला, पलंग जागेवर लावला, आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "जांभळा का दिलास?" मी वाद घातला. कार्ड आणून दाखवलं. कार्डावर ग्रेच होता. भिंतीवर मात्र आईचं बरोबर होतं.

खाली पिवळट क्रीम फरशी होती. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली हे नीट मांडून ठेवलंय. पॅरिसला गोब्लँच्या विणकामाच्या कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार यायची आणि शोध घेतल्यावर दोष रंगात नाही, शेजारच्या धाग्यात आहे असं निघालं. शेजारी ठेवलेला रंग दुसऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. पिवळ्याच्या विरुद्ध जांभळा. फरशी पिवळी, म्हणून ग्रे जांभळा. त्यात त्या ग्रेमध्ये मुळातच चिमूटभर जांभळी झाक होती, फरशीने ती बाहेर ओढली.

उपाय काय केला? आधी ट्यूब काढून ३००० चे दिवे लावले, रात्रीपुरतं निभावलं. फरशीवर मोठी करडी सतरंजी घातली, अर्धं निभावलं. दिवसा मात्र ते जांभळेपण दोन वर्षं छळत राहिलं आणि शेवटी पिवडीचा ग्रेज देऊन मोकळी झाले. पुन्हा रंगवायच्या आधी दिवा आणि सतरंजी हे दोन उपाय मात्र करून बघाच, पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं.

१०. कार्डावर फिका होता, चारही भिंतींना दिल्यावर गडद का वाटतो?

भिंती एकमेकींवर उजेड टाकतात. क्रीम भिंतीवरून परतलेला उजेड क्रीम होऊन समोरच्या क्रीम भिंतीवर पडतो आणि झाक वाढत जाते. म्हणून कार्डावर जो आवडला त्याच्याहून एक पायरी फिका घ्या, विशेषतः दहा बाय दहाच्या खोलीत. चकाकीचाही भाग आहे. जास्त शीन असलेल्या भिंतीत खिडकी आणि ट्यूब चमकते, आणि लांबी (पुट्टी) नीट घासली नसेल तर प्रत्येक उंचवटा दिसतो. मॅटमध्ये झाक सरळ दिसते, पण हात लागले की डाग पटकन धरतो. लहान मुलं असतील तर मधला मार्ग घ्या.

११. रंग निवडायला योग्य महिना कोणता?

रंग लावायला ऑक्टोबर ते मे. निवडायला, शक्य असेल तर, पावसाळा.

हे ऐकून लोक हसतात. पण दिवाळीच्या आधी आकाश धुतलेलं असतं, ऊन सोनेरी असतं आणि त्या उजेडात थंड करडा रंग इतका देखणा दिसतो की कुणीही भुलेल. मग जून येतो. चार महिने ढगांतून गाळलेला निळसर-राखाडी उजेड, खिडक्या बंद, दोरीवर न वाळलेले कपडे. तीच भिंत आता पार्किंगच्या खांबासारखी दिसते. करडा भरून द्यायचाच असेल तर त्याचा नमुना एखाद्या जुलैच्या दुपारी दिवे न लावता बघा. तिथे आवडला तर बाराही महिने आवडेल.

१२. छताला आणि दरवाजांना वेगळा पांढरा द्यावा का?

छताला सगळे सवयीने निळसर पांढरा देतात. खाली भिंत थंड असेल तर ठीक. भिंत उबदार असेल तर तिचाच रंग जवळपास पांढरा होईल इतका फिका करून छताला द्या, नाहीतर भिंत जुनाट दिसते आणि छत नवं. दरवाजे-चौकटींना पांढरा ऑइल पेंट देणार असाल तर एक लक्षात ठेवा, तो वर्षागणिक पिवळा पडतो, आणि उजेड कमी असलेल्या ठिकाणी जास्त. माळ्याची दारं बघा.

१३. एकाच घरात काही खोल्या थंड आणि काही उबदार चालतील का?

चालतील, पण दाराच्या चौकटीत उभं राहून दोन्ही रंग एकाच वेळी दिसत असतील तर सांभाळा. हॉल-पॅसेज-किचन एका ओळीत दिसणाऱ्या वन बीएचकेत एकच कुळ ठेवा आणि फिका-गडद एवढाच फरक करा. बंद दाराच्या बेडरूमला स्वातंत्र्य आहे. पॅसेजला खिडकी नसते, तिथे थंड रंग देऊ नका, भुयार होतं.

१४. किचन आणि देवघरासाठी काय?

किचनमध्ये फोडणीची वाफ आणि हळद यांच्याशी गाठ आहे. निळसर पांढऱ्यावर तेलाचा पिवळा थर चार महिन्यांत दिसतो, उबदार पांढऱ्यावर वर्षभर दिसत नाही. धुता येणारं इमल्शन हवंच. (हळदीचा डाग उन्हात ठेवला की उडतो, पण भिंत उन्हात ठेवता येत नाही.)

देवघराला उबदार. समईच्या उजेडात निळसर भिंत मृत दिसते. काजळीचा पट्टा वर येणारच, म्हणून देव्हाऱ्यामागे टाइल किंवा लाकूड लावा.

१५. पेंटर म्हणतो, "हाच शेड दुसऱ्या कंपनीत स्वस्तात बनवून देतो." बनतो का?

जवळपास बनतो. पण बेस वेगळा, थेंब वेगळे, त्यामुळे दुकानातल्या ट्यूबखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग घरच्या उन्हात वेगळे निघू शकतात. न्यूट्रलमध्ये हा फरक जास्त बोचतो, कारण तिथे सगळा खेळ झाकेचाच आहे. गडद मरून भिंतीत कुणाला कळणार नाही. जुळवून घेणारच असाल तर नमुना आठव्या प्रश्नाप्रमाणे त्याच डब्यातून करा. आणि डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, कोड आणि बेस दोन्ही दिसतील असा. दोन वर्षांनी टच-अपच्या वेळी माझी आठवण काढाल.

१६. उबदार रंग दिला तर ओलीचे डाग झाकले जातील का?

नाही. लोणा आणि पोपडे कोणत्याही झाकेला जुमानत नाहीत. आधी गळती शोधा, भिंत पूर्ण वाळू द्या, मग या पानावर परत या.

१७. वास्तूप्रमाणे रंग सांगितलाय. मग हे सगळं सोडून द्यायचं का?

नाही. वास्तूवाल्यांनी पांढरा किंवा क्रीम सांगितला असेल तर त्यात नीळ किती आणि पिवडी किती हे कुणी सांगितलेलं नसतं. तेवढी जागा तुमची.

१८. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता तिला क्रीम भिंत पांढरी आणि पांढरी भिंत निळी दिसते. तिचं खरं की आमचं?

दोघांचंही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं. माणसाला ते कळत नाही, कारण ते हळूहळू होतं. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ भिंग बसवलं की एकदम निळं जग परत येतं. पुष्कळांना काही आठवड्यांत सवय होते.

म्हणून घरात ज्येष्ठांचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर त्यांच्या खोलीचा रंग नंतर ठरवा, आणि त्यांनाच ठरवू द्या. एका डोळ्याचं झालं असेल आणि दुसऱ्याचं बाकी असेल तर तो काळ फार मजेशीर. नेरूळच्या एका आजोबांनी मला एकेक डोळा झाकून एकच नमुना दोनदा दाखवला आणि दोन वेगळी नावं सांगितली. "डाव्याने हा खरवस, उजव्याने हे दूध." मी आजवर ऐकलेलं थंड-उबदारचं याहून चांगलं वर्णन नाही.

१९. साखरपुडा पंधरा दिवसांवर आहे, पेंटर उद्या येतोय, नमुने लावायला वेळ नाही. एकच कोड सांगा ना!

कोड सांगणार नाही, पण आजची संध्याकाळ पुरेल. फरशीवर कोरा कागद ठेवा, ती कुठल्या बाजूला झुकते ते बघा. खोक्यावर नसेल तर ट्यूबच्या टोकाशी छापलेला केल्विनचा आकडा वाचा. फरशी पिवळट आणि ट्यूब ६५०० असेल, आणि आपल्याकडे दहातल्या बहुतेक घरांत हेच असतं, तर पट्टीतला वरून दुसरा उबदार पांढरा घ्या, मॅटच्या एक पायरी वरची चकाकी घ्या आणि उरलेल्या पैशांत हॉलचे दिवे ४००० चे करा. पाहुणे संध्याकाळी येणार आहेत, फोटोही तेव्हाच निघणार. पेंटरला सांगा की पहिली भिंत दरवाजासमोरची घे आणि दुसरा हात मारायच्या आधी मला बोलव.

भिंत ओली असताना घाबरून फोन करू नका, आठवा प्रश्न वाचा.